विश्लेषण : दुधाची फॅट कळते, मग रक्ताचा रिपोर्ट का कळत नाही? डॉ. कलबाग यांच्या पाबळ प्रयोगातून काय दिसले?

दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी एक परीक्षा होते. कॅन रिकामा होतो, यंत्रावर आकडा येतो आणि शेतकरी तो चटकन वाचतो. फॅट ३.५ ऐवजी ३.२ लागली तर तो तिथल्या तिथे विचारतो, की नमुना नीट ढवळला होता का, यंत्र बरोबर आहे का. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्याच घरातली सून गरोदरपणाची तपासणी करून येते, कागदावर हिमोग्लोबिन ९.४ लिहिलेले असते. तो कागद मात्र घडी घालून पिशवीत जातो. डॉक्टर काही बोलले का, एवढेच विचारले जाते.

आकडे कळण्याची क्षमता आणि आरोग्याचे निर्णय यांचे नाते हा आता जगभर अभ्यासाचा विषय आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये मात्र एका शास्त्रज्ञाने चाळीस वर्षांपूर्वीच शाळेतल्या मुलांच्या हाती मोजमापाची साधने दिली. त्यात रक्त तपासण्याची साधनेही होती. हे शास्त्रज्ञ म्हणजे विज्ञान आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग.

डॉ. कलबाग कोण होते?

जन्म १९२८ चा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली. १९५० च्या दशकात ते भारतात परतले आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत रुजू झाले. नंतर मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांनी सुमारे दोन दशके काढली. तेथे ते अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते. म्हणजे पगार, पद, प्रयोगशाळा यांची ददात नव्हती.

१९८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. वय पन्नाशीच्या पुढचे. या वयात बहुतेक जण सल्लागार होतात किंवा पुण्यात बंगला बांधतात. कलबाग पत्नी मीरा यांच्यासह एका दुष्काळी गावात राहायला गेले. १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला. ‘आश्रम’ या शब्दामुळे अनेकांचा गैरसमज होतो. तिथे भगवी वस्त्रे नव्हती, वेल्डिंगच्या ठिणग्या होत्या. गुरूच्या घरी राहायचे, त्याच्याबरोबर काम करायचे आणि काम करता करता शिकायचे, एवढाच जुना अर्थ त्यांना अभिप्रेत होता.

त्यांचा प्रश्न साधा होता. शाळेत नापास झालेला मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बैल पारखतो, विहिरीचा हिशेब तोंडी करतो. मग तो ‘ढ’ कसा? दोष मुलात नसून शिकवण्याच्या पद्धतीत आहे, या निष्कर्षावर ते आले होते. लहान मूल चालायला आणि बोलायला शिकते ते करून, चुकून आणि पुन्हा करून. शाळेत पाऊल टाकताच ही पद्धत बंद पडते आणि ऐकणे सुरू होते. पुढची वीस वर्षे त्यांनी ही एकच गोष्ट निरनिराळ्या मार्गांनी तपासली.

पाबळच का?

पाबळचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते मस्तानीच्या कबरीमुळे. पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरचे हे गाव पर्जन्यछायेत येते. पाऊस कमी, जमीन उथळ, माळरान भरपूर. कलबाग यांनी नेमके म्हणूनच ते निवडले. देशातली बहुसंख्य खेडी अशीच कोरडवाहू आहेत, तेव्हा जे पाबळला चालेल ते इतरत्र चालण्याची शक्यता अधिक, हे त्यामागचे गणित. शास्त्रज्ञ नमुना निवडतो तसे त्यांनी गाव निवडले.

शिक्षण आणि आरोग्य यांची सांगड कुठून आली?

विज्ञान आश्रम हे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून उभे राहिले. ही संस्था जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापन केली आणि १९७६ मध्ये ती पुण्यात आली. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक या दाम्पत्याचे अनौपचारिक शिक्षणातले काम मोठे आहे. एक गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर तयार केलेला गाजलेला अहवाल १९८१ मध्ये याच संस्थेने प्रकाशित केला. आरोग्य हा केवळ डॉक्टर आणि औषधांचा विषय नाही, लोकांना स्वतःच्या आरोग्याचा ताबा घेता आला पाहिजे, असा त्या अहवालाचा रोख होता.

कलबाग पाबळला आले ते या वातावरणातून. त्यामुळे त्यांच्या अभ्यासक्रमात आरोग्य हा धडा म्हणून न येता कामाचा भाग म्हणून आले, यात नवल नाही.

अभ्यासक्रमात नेमके काय होते?

दोन वाटा होत्या. शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी आश्रमात राहून करायचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेतच आठवड्यातून एक दिवस चालणारा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय. शाळांमध्ये तो ‘आयबीटी’ म्हणून ओळखला जातो. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानेही त्याला मान्यता दिली.

विषयाचे चार भाग : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. प्रत्येक मुलाने चारही भागांत काम करायचे. मुलगे वेल्डिंगला आणि मुली स्वयंपाकघरात, अशी वाटणी नाही. मुलींनी लोखंड कापायचे, मुलग्यांनी आहाराचा हिशेब करायचा. १९८० च्या दशकातल्या खेड्यात हे सोपे नव्हते.

आणखी एक अट होती. शिकताना केलेले काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे. म्हणजे प्रयोगवहीतले टेबल नको, कोणाच्या तरी घरचे खरे टेबल हवे. मोजमाप चुकले तर टेबल डगमगते आणि ज्याने पैसे दिले तो बोलतो. गुण कापण्यापेक्षा हा धडा पक्का बसतो. कलबाग यांच्या पद्धतीत गणित असे शिरले. अपूर्णांक आधी आणि उपयोग नंतर, असा क्रम त्यांनी उलटा केला.

रक्ताची चाचणी मुलांच्या हाती का दिली?

गृह आणि आरोग्य विभागात रक्तगट ओळखणे, हिमोग्लोबिन मोजणे, उंची-वजन घेणे, पाण्याची तपासणी, जलसंजीवनी तयार करणे, आहारातील उष्मांक आणि प्रथिनांचा हिशेब अशी कामे असत. अन्नतंत्रज्ञ असलेल्या माणसाला आहाराचे गणित नवे नव्हते. पण हिमोग्लोबिनची चाचणी ही या सगळ्यांत बोलकी म्हणावी लागेल.

त्या काळी शाळा आणि ग्रामीण प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत साहलीची. खुणा असलेल्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे. बोटातून काढलेले रक्त बारीक पिपेटने त्यात सोडायचे, मोजून २० मायक्रोलीटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. दहा मिनिटे थांबायचे. मिश्रण गडद तपकिरी होते. मग एकेक थेंब ऊर्ध्वपातित पाणी टाकत राहायचे, शेजारच्या तपकिरी काचेच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा.

ही चाचणी ज्याने एकदा स्वतः केली, त्याच्यासाठी ‘हिमोग्लोबिन १०’ हा आकडा कायमचा बदलतो. तो आकडा म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात १० ग्रॅम हिमोग्लोबिन. दुधाची फॅट ३.५ म्हणजे १०० ग्रॅम दुधात साडेतीन ग्रॅम स्निग्धांश. दोन्ही मापे एकाच जातीची आहेत. फॅट कळणाऱ्या माणसाला रक्ताचा आकडा कळत नाही, याचे कारण त्याला गणित येत नाही हे नाही. त्या आकड्याशी त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते, एवढेच.

सर्वसाधारण मापे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी, गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात. गरोदरपणात ते ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय आणि तिथे थांबून चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे एसटीच्या एका बाकावर दोघी बसल्या असतील तर साधारण एक. इतका सार्वत्रिक आजार घरात कोणाला दिसत नाही, कारण दम लागणे, थकवा, चक्कर हे सगळे ‘कामाचा ताण’ या खात्यावर जमा होते. आकडा हाच त्याचा पहिला पुरावा असतो.

मोजलेला आकडा कितपत खरा?

इथे कलबाग यांच्या पद्धतीचा आणखी एक लाभ दिसतो. साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. त्यामुळे दोन मुलांनी एकाच रक्ताचे वाचन केले तरी आकडे वेगळे येतात. एक म्हणतो १०.५, दुसरा म्हणतो ११. पिपेटच्या टोकाला लागलेले जास्तीचे रक्त पुसले नाही तर आकडा फुगतो. बोट फार दाबले तर पेशीबाहेरचा द्रव मिसळून तो घसरतो.

या त्रुटींमुळेच आता ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात डिजिटल हिमोग्लोबिनोमीटरवर भर आहे आणि ते योग्यही आहे. टोचण्याची सुई प्रत्येक माणसाला नवी, हा नियम तर आता कोणत्याही शाळेत, शिबिरात तडजोडीचा विषय नाही. पण चुकीची शक्यता स्वतः अनुभवलेल्या मुलाला एक गोष्ट कळते, जी छापील रिपोर्ट कधीच सांगत नाही. प्रत्येक मापनाला थोडे मागेपुढे असते. मागच्या महिन्यात १०.८ आणि या महिन्यात ११.१ आले म्हणजे गोळ्या लागू पडल्याच असे नाही, आणि १०.६ आले म्हणजे गोळ्या वाया गेल्या असेही नाही. रक्तदाबाचे तेच. जिना चढून आल्यावर घेतलेला १४६ हा आकडा आणि पाच मिनिटे बसून दोन-तीनदा घेतलेला आकडा यांची किंमत सारखी नसते. एका आकड्यावर घाबरून जाणे आणि एका आकड्यावर निर्धास्त होणे, या दोन्ही चुका एकाच अडाणीपणातून येतात.

जमिनीतील पाणी आणि शरीरातील आजार यांत साम्य काय?

विज्ञान आश्रमातील मुले भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी विद्युतरोध मोजायला शिकत. जमिनीत चार खुंट्या रोवायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमधला दाब मोजायचा. खुंट्यांतले अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी सापडते ते झिजलेल्या आणि भेगा पडलेल्या थरांत. असा ओला थर विजेला कमी विरोध करतो.

पाणाड्या नारळ हातावर ठेवून ठामपणे जागा दाखवतो. यंत्र ठाम बोलत नाही. इथे पाणी लागण्याची शक्यता जास्त, तिथे कमी, एवढेच ते सांगते. कर्ज काढून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला ठाम बोलणारा माणूस आवडतो, हे समजण्यासारखे आहे. पण शंभर बोअरचा हिशेब ठेवला तर शक्यतेच्या भाषेत बोलणाऱ्या यंत्राचाच फायदा होतो.

वैद्यकातला निर्णय अगदी असाच असतो. शस्त्रक्रिया यशस्वी होईल का, या प्रश्नावर प्रामाणिक डॉक्टर ‘शंभरातल्या नव्वद जणांना आराम पडतो’ असे सांगतो. घरच्यांना ते ऐकू येते ‘डॉक्टरलाच खात्री नाही’ असे. मग ‘शंभर टक्के बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे पेशंट नेला जातो. आकड्यांची समज कमी असण्याचा पहिला फटका हा असा बसतो. माणूस शक्यतेपेक्षा ठामपणावर विश्वास टाकतो.

शिकलेल्या लोकांना तरी टक्केवारी कळते का?

हा प्रश्न खेड्यापुरता नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि सहकाऱ्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल स्त्रियांना प्रश्न विचारले. त्याआधी आकड्यांचे तीन सोपे प्रश्न होते. उदाहरणार्थ, नाणे हजार वेळा उडवले तर अंदाजे किती वेळा छापा पडेल? तिन्ही उत्तरे बरोबर देणाऱ्या होत्या केवळ १६ टक्के. ज्यांना हे प्रश्न सुटले, त्यांनाच तपासणीच्या फायद्याचा अंदाज अधिक बरोबर बांधता आला.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी तर डॉक्टरांचीच परीक्षा घेतली. समजा, एक हजार स्त्रियांपैकी १० जणींना आजार आहे. चाचणी त्यांतल्या ९ जणींना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी सुमारे ८९ जणींनाही ती चुकून ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. म्हणजे एकूण ९८ पॉझिटिव्ह, त्यांत खरा आजार असलेल्या ९. अकरांतली एक. हीच माहिती टक्क्यांत दिली तेव्हा १६० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी फक्त २१ टक्क्यांना बरोबर उत्तर देता आले. हजार स्त्रिया डोळ्यांसमोर उभ्या करून माणसांच्या संख्येत हिशेब मांडायला शिकवल्यावर ८७ टक्के बरोबर आले.

पाबळच्या पद्धतीशी याचा धागा जुळतो. आकडा हवेत राहिला की डॉक्टरही चुकतो. तो माणसांच्या, वस्तूंच्या, थेंबांच्या रूपात समोर आला की नापास मुलालाही उमगतो.

जाहिरातींत याचाच गैरफायदा घेतला जातो. एखादे औषध ‘धोका निम्म्याने कमी करते’ म्हटले की ऐकणारा खूश होतो. धोका हजारात दोघांना होता, तो हजारात एकाला झाला, असेही यातून निघू शकते. निम्मा हा शब्द दोन्हीकडे खरा. गोळी वर्षानुवर्षे घ्यायची, खर्च करायचा, दुष्परिणाम सोसायचे की नाही हे ठरवताना ‘निम्मा कशाच्या?’ हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

रोजच्या घरात चूक कुठे होते?

सर्वांत जास्त औषधाच्या मापात. मुलांच्या तापाचे पॅरासिटामॉल सिरप बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत तेवढ्याच ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम. थेंबांच्या लहान बाटलीत तर दर मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम असते. मागच्या वेळी एक झाकण दिले होते म्हणून या वेळीही एक झाकण दिले, तर डोस दुप्पट किंवा चौपट होऊ शकतो. शिवाय स्वयंपाकघरातला चमचा म्हणजे ५ मिलिलीटर नव्हे. मात्रा मुलाच्या वयापेक्षा वजनावर ठरते, हेही अनेक घरांत माहीत नसते.

फवारणी करताना हाच बाप १५ लिटरच्या पंपाला किती मिली औषध लागते ते काटेकोर मोजतो. बाटली बदलली की लेबल वाचतो, दुकानदाराला विचारतो. जास्त झाले तर पीक करपते, हे त्याने पाहिलेले असते. पोराच्या सिरपच्या वेळी मात्र ‘थोडं इकडेतिकडे चालतं’.

जलसंजीवनीचेही असेच. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलीटरसाठी. मोठे पाकीट एका पेल्यात कालवून पाजले तर क्षारांचे प्रमाण पाचपट होते आणि जुलाबाने कोमेजलेल्या बाळाला ते धोक्याचे ठरते. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. यात ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे ३५ हजार मुलामुलींना हेच पाकीट दाखवण्यात आले होते. निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना त्यावरच्या चारपैकी किमान तीन प्रश्नांची उत्तरे देता आली. म्हणजे तिघांतला एक अडला. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमले. ही मुले पाच-सात वर्षांत आईबाप होतील आणि सिरपची बाटली त्यांच्या हातात असेल.

कलबाग यांच्या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली, प्रतिष्ठेची. हाताने काम करायला लावणारा वर्ग म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांचा वर्ग, ही समजूत शाळा आणि पालक दोघांच्याही मनात घट्ट आहे. कलबाग यांनी सगळ्याच मुलांसाठी मांडलेला विषय अनेक ठिकाणी ‘दहावीला सोपा जाणारा पर्याय’ होऊन बसला.

दुसरी मर्यादा शिकवणाऱ्यांची. गावातलेच कुशल कारागीर आणि माहीतगार स्त्री-पुरुष निदेशक म्हणून घ्यायचे, हा कलबाग यांचा आग्रह होता. पदवी आणि बी.एड. यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत सुताराला शिक्षक म्हणून बसवणे नियमांत बसत नाही. साहित्य, दुरुस्ती, आठवड्याचा एक अख्खा दिवस हे सगळे शाळेला जड वाटते.

तिसरी मर्यादा आरोग्याची स्वतःची आहे. हिमोग्लोबिन ९ आहे हे कळले म्हणून ताटात हिरवी भाजी आणि डाळ येत नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या सोडून दिल्या जातात. घरात शेवटी जेवणारी बाई आकडा कळूनही शेवटीच जेवते. आकडा वाचता येणे ही पहिली पायरी आहे, आणि तिच्यापलीकडे जायला डॉक्टर, औषध आणि घरातले अधिकार लागतात. मात्र ती पायरी गाळून गोळ्या वाटण्याचे कार्यक्रम का फसतात, याचे एक उत्तर इथेच आहे. ज्याला आकड्याचा अर्थ माहीत नाही, त्याला गोळी थांबवण्याची किंमतही माहीत नसते.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

पाबळच्या कार्यशाळेत जुन्या जीपच्या सुट्या भागांतून शेतकऱ्याला परवडेल असा ‘मेकबुल’ ट्रॅक्टर तयार झाला. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे राहणारे ‘पाबळ डोम’ मुलांनी बांधले. अशी कामे बातम्यांत आली. मोजमापाचे काम तुलनेने शांतपणे चालू राहिले आणि अखेरीस त्यानेच जगाचे लक्ष वेधले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड ‘फॅब लॅब’ची कल्पना घेऊन फिरत होते. संगणकावर चालणारी छोटी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती द्यावीत आणि हवी ती वस्तू त्याने स्वतः बनवावी, ही ती कल्पना. २००२ मध्ये पाबळला अशी प्रयोगशाळा सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. पाबळकरांना तिच्यातून काय हवे होते? खेळणी नको होती, शोभेच्या वस्तू नको होत्या. त्यांना दुधाची प्रत मोजायची होती आणि डिझेल इंजिनाचे टायमिंग तपासायचे होते. वीस वर्षे ज्या माणसाने गावाला मोजायला लावले, त्याच्या गावाने यंत्राकडे पहिली मागणी मापकांचीच केली.

३० जुलै २००३ रोजी डॉ. कलबाग यांचे निधन झाले. विज्ञान आश्रमाचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालवले. शाळा सुटलेल्यांसाठीच्या ग्रामीण तंत्रज्ञान अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे, आणि शाळांतला विषय महाराष्ट्राबाहेरही पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाधारित अनुभव आणि दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. पाबळच्या वेळापत्रकात असा दिवस आठवड्यातून एकदा होता.